उतरलेल्या सेलांवरचा मारवा

महादेवीने डबा काउंटरवर ठेवला, पदराला हात पुसले आणि दरवर्षीसारखं कोपऱ्यातलं स्टूल आपणच ओढून घेतलं. वाजिदने दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं. गंजगोलाईच्या बाजारातला भरदुपारचा गलका तेवढ्याने थांबणार नव्हता, पण जरा दबला.

"लावा चाचा," ती म्हणाली. "पोरींची जेवणं उरकून आले. चारला चहा ठेवावा लागतो."

डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला आलेल्या साठ पोरी तिच्या मेसमध्ये जेवत. पार उमरीपासून निलंग्यापर्यंतच्या. त्यांच्या परीक्षांच्या तारखा तिला त्यांच्या आयांपेक्षा जास्त पाठ असत. तिच्या स्वतःच्या वर्षात मात्र तारीख एकच, तीस सप्टेंबर. त्या दिवशी ती लहानपणापासून वाजिदकडे यायची; आता तर कॅसेट चालवणारं यंत्र तिच्या ओळखीत एवढं एकच उरलं होतं. पाऊण तास ऐकायचं, कॅसेट रुमालात गुंडाळायची, चाचासाठी आणलेला डबा तिथेच सोडायचा आणि निघायचं. जास्त वेळा वाजवली तर झिजेल असं तिच्या मावशीने सांगून ठेवलं होतं. मावशी गेली, तरी तिने ते पाळलं.

आज वाजिदने यंत्राकडे हात नेलाच नाही. त्याने काउंटरखालून पंजाएवढा काळा स्पीकर काढला, मोबाइलवर बोट फिरवलं आणि तो हसला. चौपन्न वर्षांचा माणूस, पण पहिला नंबर आलेली पोरं निकालाच्या दिवशी हसतात तसा.

"कॅसेट कुठंय?" महादेवीने विचारलं.

"आधी ऐक तर खरं."

तंबोरा सुरू झाला आणि मागोमाग आवाज आला. रुंद, भरदार, तळाशी घट्ट बसलेला. मारव्याचा कोमल रिषभ त्याने असा काही लावला की वाजिदच्या अंगावर काटा आला. गेल्या पंधरवड्यात त्याने हे शंभरदा ऐकलं असेल, तरी आला. त्याने डोळे मिटून घेतले. तीस वर्षांपूर्वी निलंग्याच्या मंडपात, गाणाऱ्यापासून तीन हातांवर बसून त्याने ऐकला होता तो हाच आवाज.

दहाएक मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा महादेवी ओठ मिटून गुणगुणत होती. दरवर्षी ती अशीच कॅसेटबरोबर गुणगुणायची. आज सूर मिळत नव्हता. तिने एकदा खाली उतरून पाहिलं, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बसली.

"हे कोण गाऊन राहिलं?"

"कोण म्हणजे? अप्पा तुझे."

"न्हाई," ती म्हणाली. रागाने नव्हे, दुसऱ्याची पिशवी हातात आली तर माणूस म्हणतो तसं. "हे माझे अप्पा न्हाईत."

आता हे कुठून सुरू झालं ते सांगायला हवं, आणि वाजिदची बाजू घ्यावी असं त्यात फारसं काही नाही.

महादेवीचे वडील शरणप्पा निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. गायचे. घराण्याचा शिक्का नाही, रेडिओचं बोलावणं नाही, तालुक्याच्या बाहेर कुणाला नाव ठाऊक नाही. वाजिद तेव्हा चोवीस वर्षांचा. लातुरात त्याचं कॅसेटचं दुकान होतं आणि गणपतीच्या दिवसांत तो टेपरेकॉर्डर घेऊन गावोगावच्या मंडळांचे कार्यक्रम भरून आणायचा. त्र्याण्णव सालच्या गणपतीत एका संध्याकाळी निलंग्यात मास्तरांचं गाणं होतं. तंबोरे जुळले आणि लाइट गेली. मंडळाने कंदील आणले, वाजिदने यंत्र सेलांवर घेतलं. हे सेल आदल्या दिवशी औशाच्या कीर्तनाला वापरलेले होते. नवे आणायला चौकापर्यंत जायचं त्याच्या जिवावर आलं. आहेत त्यावर तासभर निघेल, असं तो धरून चालला.

निघालं नाही. चार-पाच मिनिटांतच चक्री जड झाल्याचं त्याला दिसलं. मुद्रण होताना टेप हळू सरकली, की नंतर वाजवताना तीच टेप नेहमीच्या वेगाने धावते, आणि माणसाचा आवाज बारीक, उंच, घाईघाईचा निघतो. दुकानातल्या झाडूलाही हे माहीत असेल, तर वाजिदला नक्कीच होतं. पण मास्तर रंगले होते. मध्येच हात वर करून "जरा थांबा, माझे सेल उतरले" असं चारचौघांत कोण म्हणणार? तो चूप बसला. पुढच्या खेपेला नीट भरू, असं त्याने ठरवून टाकलं.

पुढची खेप आली नाही. आठव्या दिवशी, तीस सप्टेंबरला, पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या घराखाली मास्तर गेले, त्यांची बायको गेली. चार वर्षांची महादेवी निलंग्याला मावशीकडे राहिली होती म्हणून वाचली. महिन्याभराने वाजिद ती कॅसेट घेऊन मावशीकडे गेला. मावशीने ऐकली आणि पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "दाजींचा आवाज असा बारीक नव्हता की रे."

"कॅसेटमध्ये येतो असा," वाजिद म्हणाला.

तोवर चार वर्षांची पोर येऊन यंत्राला कान लावून बसली होती. तिला आवाजाची ना आठवण होती ना ओळख. तिची आठवण तिथून सुरू झाली. त्यानंतर वाजिदने कधी काही सांगितलं नाही. आधी धीर झाला नाही, मग वेळ टळली, आणि टळलेल्या वेळेला पुढे गरजच वाटेनाशी होते.

दुकानातून कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, मोबाइलच्या काचा आणि कव्हरं आली. भरून आणलेल्या बैठकांच्या कॅसेटी माळ्यावर पडून राहिल्या. गोलाईत त्याला कुत्रं विचारत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला इंटरनेटवरच्या 'जुन्या बैठका' नावाच्या खुल्या ग्रुपमध्ये घेतलं. पुण्यामुंबईपासून परदेशापर्यंतचे कानसेन तिथे जुनी ध्वनिमुद्रणं एकमेकांना ऐकवत. ग्रुप चालवायचे पुण्याचे वीरभद्र नावाचे एक निवृत्त इंजिनिअर, मूळचे उदगीरकडचे. शिस्त कडक होती. प्रत्येक गाण्याची यादीत नोंद व्हायची : गायक, राग, स्थळ, साल, ध्वनिमुद्रण कुणाचं. गायकाची खात्री नसेल तर ते गाणं 'अज्ञात' नावाच्या कप्प्यात जायचं. तो कप्पा कुणी उघडत नसे.

वाजिदने माळ्यावरची एकेक कॅसेट काढून ग्रुपवर टाकली. लोक त्याला "वाजिदभाई, कमाल केलीत" म्हणू लागले. आयुष्यभर कॅसेटवाला म्हणून हाका ऐकलेल्या माणसाला हे किती गोड लागलं असेल ते सांगायला नको. गेल्या तीस सप्टेंबरला महादेवी ऐकत बसली असताना त्याने मोबाइलवर दोन मिनिटं टिपून घेतली, आणि उन्हाळ्यात कधीतरी ती ग्रुपवर टाकली. कुणी विचारलं, हे मास्तर की मास्तरीण? हसण्याच्या चित्रांची रांग लागली. वाजिदचे कान तापले.

वीरभद्रसाहेबांनीच ओळखलं. त्यांचा फोन आला. "वाजिदभाई, दोन मिनिटांत तंबोरा वर सरकतोय. तंबोरा कधी चढत जातो का? वेगाचा दोष आहे. मूळ कॅसेट पाठवा, आपण दुरुस्त करू. गवई मोठा दिसतोय."

गवई मोठा दिसतोय. तीस वर्षं हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून तो थांबला होता. ऑगस्टमध्ये तो महादेवीच्या मेसवर गेला. कॅसेटला बुरशी धरली असेल, साफ करून देतो, म्हणाला. तिने रुमालासकट दिली. "जपा चाचा," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने ती कुरियरने पुण्याला धाडली.

पंधरा दिवसांनी तो आवाज आला. खरा. मास्तर पेटीच्या पांढरी एक पट्टीत गायचे, तंबोरा बरोबर तिथे बसलेला. अकरा हजार लोकांनी ऐकला. कुणी लिहिलं, मराठवाड्याने हा माणूस लपवून कसा ठेवला? यादीत नोंद झाली : शरणप्पा मास्तर, मारवा, निलंगा, १९९३, ध्वनिमुद्रण शेख वाजिद. वाजिदला वाटलं, चला, सेलांचं पाप फिटलं. कॅसेटचं विचारलं तेव्हा वीरभद्रसाहेबांनी कळवलं, की टेप पार विरली होती, काम होताहोता तुटली, टाकून दिली, दुरुस्तीआधीची फाइलही पुसली. सदोष प्रत ठेवून करायचं काय? त्यावर वाजिदने अंगठा पाठवला.

तो अंगठा त्याला आता आठवला.

"कॅसेट द्या चाचा," महादेवी म्हणाली. "मी घरी नेते. यंत्र मिळंल कुठंतरी."

"कॅसेट पुण्याला पाठवली होती."

"कुणाला इचारून?"

वाजिद स्पीकरची कळ चाचपत राहिला.

"कधी येणार मग?"

"तुटली, बेटा. जुनी झाली होती. पण सगळं काढून घेतलंय त्यांनी. साफ करून..."

"साफ करून दुसऱ्याच माणसाचा आवाज निघाला?"

आता सांगायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते : बेटा, त्या संध्याकाळी लाइट गेली होती. पण तेवढ्यावर ते थांबणार नव्हतं. त्याच्या पाठोपाठ औशाचं कीर्तन आलं असतं, उतरलेले सेल आले असते, मावशीला मारलेली थाप आली असती. आणि शेवटी हे आलं असतं, की तू तीस वर्षं अप्पांना नव्हे, माझ्या आळसाला ऐकत होतीस. समोर चौतीस वर्षांची बाई बसली होती. पण वाजिदला यंत्राला कान लावून बसलेली पोर दिसत होती.

"फायलींची अदलाबदल झाली असंल," तो म्हणाला. "इचारतो मी."

महादेवी उठली. तिने डबा उचलला आणि पिशवीत घातला. इतक्या वर्षांत ती डबा परत नेत होती हे पहिल्यांदाच. शटरखालून वाकून बाहेर पडताना तिने मागे पाहिलं नाही.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वाजिदने गिऱ्हाईक घेतलं नाही. मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा त्याचा जुना संगणक त्याने चालू केला आणि दुरुस्त झालेला आवाज पुन्हा बिघडवायला बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आधी त्याने सगळ्या गाण्याचा वेग सरसकट वाढवला. आवाज बारीक झाला, पण खोटा झाला. सेल असे एकदम उतरत नाहीत. ते आधी चार-पाच मिनिटं तग धरतात, मग थोडे बसतात, तबला जोरात आला की दचकतात, पुन्हा सावरतात, आणि शेवटाला सोडून देतात. मोबाइलवर टिपलेली दोन मिनिटं तेवढी त्याच्याकडे होती. बाकीचं कानात होतं. तीस वर्षं दर तीस सप्टेंबरला त्यानेही ते ऐकलं होतं, आणि दरवेळी आपली चूक कुठे किती चढते ते मोजलं होतं. दीड दीड मिनिटांचे तुकडे करून त्याने मास्तरांना पांढरी एकवरून उचललं आणि हळूहळू काळी दोनपर्यंत नेऊन सोडलं. आयुष्यात त्याने इतकं बारीक काम दुसरं केलं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ट्यूशन एरियात गेला. मेसच्या बाहेर पोरींच्या चपलांचा ढीग होता. आतमध्ये भिंतीला टेकून काहीजणी ताटासमोरही पुस्तक उघडून बसल्या होत्या. महादेवी मागे चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने त्याला बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. वाजिदने पिठाच्या डब्यावर स्पीकर ठेवला आणि कळ दाबली.

तंबोरा आला. आवाज आला. पहिली काही मिनिटं ती थापतच राहिली. भाकरी तव्यावर गेली, पाणी फिरलं, दुसरा गोळा परातीत आला. मग चक्री जड झाली ती जागा आली. मास्तरांचा आवाज लवकर चालू लागला, बारीक होत गेला, एखाद्या उतावळ्या पोरासारखा वर चढू लागला. महादेवीचे हात थांबले. तिने ओठ मिटले आणि गुणगुणायला लागली. पहिल्याच फटक्यात सूर मिळाला. काळी दोनकडे चढत जाणारा, जिथे मास्तर उभ्या जन्मात कधी गायले नव्हते.

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती उलथन्याने बाजूला काढली आणि मनगटाने डोळे पुसले.

"हाव," ती म्हणाली. "हे अप्पा."

वाजिदने मान हलवली.

"मला वाटलं, गेले. कालपासून जीव थाऱ्यावर न्हाई माझा. मावशी गेली, गावात वळखीचं कुणी ऱ्हायलं न्हाई. हे बी गेलं तर मी कुणाची?" तिने नवा गोळा घेतला. "माझ्या फोनमंदी टाकून द्या."

"टाकतो."

त्याने तिचा फोन घेतला. फाइल जात होती तोवर तिने भाकरी उलटली, आणि उलटता उलटता विचारलं, "मग काल ऐकवला तो कोण व्हता?"

पोरींच्या खोलीतून कुणीतरी भाजी मागितली. महादेवी हलली नाही. ती उत्तराची वाट पाहत होती.

बूंद से गई वो हौद से नहीं आती, असं त्याचे अब्बा म्हणायचे. चार सेलांनी गेलेलं आता कशानेही येणार नव्हतं. मास्तरांचा खरा आवाज ओळखणारं माणूस त्याच्या माहितीत तरी आता एकच होतं, आणि ते तिचा फोन हातात घेऊन पिठाच्या डब्यापाशी उभं होतं.

"दुसराच कुणीतरी," वाजिद म्हणाला. "गफलत झाली माझी."

"त्याच्यावर नाव अप्पाचं लावलंय ना तुमी? मेसमधल्या एका पोरीनं काल अप्पाचं नाव घालून फोनवर काढून दावलं. शरणप्पा मास्तर, निलंगा."

"हाव."

"काढा ते." ती शांतपणे म्हणाली. "कुणाच्याबी आवाजाला माझ्या अप्पाचं नाव लावू नका. आत्ताच काढा चाचा, माझ्यासमोर."

वाजिदने आपला फोन काढला. ग्रुपवर लिहायला दोन ओळी पुरल्या. शरणप्पा मास्तर हे नाव माझ्याकडून चुकीने दिलं गेलं. कृपया काढून टाकावं. त्याने त्या तिला वाचून दाखवल्या, पाठवल्या आणि तो बाहेर आला. पायरीवर चपला शोधत असतानाच वीरभद्रसाहेबांचा फोन आला.

"वाजिदभाई, हे काय लिहिलंत? मग गायक कोण?"

"माहीत नाही साहेब."

"तुम्ही तर म्हणालात, समोर बसून ऐकलंय."

"तीस वर्षं झाली. लई गवई ऐकले. डोक्यात घोळ झाला."

मग साहेब म्हणाले, "लोकांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. असो. बदलतो नोंद." आणि त्यांनी फोन ठेवला.

वाजिद चपला हातात घेऊन तसाच पायरीवर बसला. रस्त्यावरून क्लास सुटलेल्या पोरांचे लोंढे पाठीवर दप्तरं घेऊन चालले होते, भिंतीभिंतीवर निकालात झळकलेल्या पोरांचे फोटो होते, प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत नाव होतं. दहा मिनिटांनी फोन थरथरला. नवी नोंद आली होती, 'अज्ञात' कप्प्यात.

गायक : अज्ञात. राग : मारवा. स्थळ : निलंगा. साल : १९९३. ध्वनिमुद्रण : शेख वाजिद, लातूर.

त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. त्याने ते दोनदा वाचलं.

आत महादेवीने फोनवर गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आता झिजायची भीती नव्हती. तो चढत जाणारा बारीक आवाज खिडकीतून रस्त्यावर आला, आणि त्याच्याबरोबर तिचा मिटल्या ओठांचा आवाज, बरोबर सुरात. मग ती दारात आली. तिने कालचा डबा आज भरून आणला होता. तो तिने पायरीवर त्याच्या शेजारी ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली. "घरी जाऊन लगेच खा."